कातरकामाने सजवा जुने फर्निचर : थोड्या भांडवलाचा घरगुती उद्योग

जुने लाकडी सामान विकत घ्यायचे, दुरुस्त करायचे, रंग-पॉलिश करून पुन्हा विकायचे, हा आपल्याकडील अनेक कुटुंबांचा पिढीजात व्यवसाय आहे. मुंबईत चोर बाजारातील मटन स्ट्रीट व जोगेश्वरीचा ओशिवरा भाग त्यासाठीच ओळखला जातो. लहान शहरांतही एखादी गल्ली जुन्या बाजाराची असतेच. या धंद्यात सुतार मिळतो, पॉलिशवाला मिळतो, रंगारी मिळतो. नक्षी काढणारा हात मात्र सहसा मिळत नाही आणि मिळाला तर परवडत नाही. त्यामुळे बहुतेक जुने सामान तपकिरी पॉलिश मारून, नाहीतर एका रंगाचा ऑइलपेंट फासून दुकानाच्या दारात उभे केले जाते.

यावर एक जुना तोडगा आहे. नक्षी कुंचल्याने काढायची नाही. छापील कागदातून फुले, पाने, वेली, पक्षी बारीक कातरून काढायचे, लाकडावर चिकटवायचे आणि त्यांवर पारदर्शक रोगणाचे हात देत जायचे. किती हात द्यायचे, तर नक्षीवरून बोट फिरवले असता कागदाची कड कुठेच लागू नये इतके. छंदवर्गांत आणि हस्तकलेच्या दुकानांत हे काम 'डेकूपाज' या नावाने ओळखले जाते. 'कातरून काढणे' या अर्थाच्या फ्रेंच क्रियापदावरून ते नाव आले आहे. आपल्या शाळेतील कातरकाम आणि चिकटकाम ते हेच, फक्त पुठ्ठ्याऐवजी टीपॉयवर.

छंद म्हणून हे काम शिकवणारे पुष्कळ आहेत. धंदा म्हणून त्याच्याकडे पाहिले की चित्र बदलते. कागद आणि कात्री स्वस्त असल्यामुळे लोक उत्साहाने सुरुवात करतात, दोन-चार नग करतात, घाईने दिलेले रोगण महिन्याभरात फुगते, गिऱ्हाईक नग परत आणतो आणि काम बंद पडते. आमच्या मते हा कागदाचा धंदा नाहीच. हा लाकडाचा, रोगणाचा आणि तासांच्या हिशोबाचा धंदा आहे.

व्हेनिसचे 'गरीब रोगण'

सतराव्या-अठराव्या शतकात चीन व जपानमधून लाखकामाच्या पेट्या, कपाटे, पडदे युरोपात जाऊ लागले आणि तेथील श्रीमंतांना त्यांचे वेड लागले. पूर्वेकडचे ते रोगण म्हणजे तिकडच्या एका झाडाचा चीक. तो दमट हवेत घट्ट होतो. युरोपात ते झाड नव्हते, म्हणून तेथील कारागिरांनी नक्कल करण्यासाठी दुसऱ्या वस्तू धरल्या. एक आपल्या हिंदुस्थानची लाख आणि दुसरी उत्तर आफ्रिकेतून येणारी सँडरॅक नावाची राळ. आपले पॉलिशवाले चंद्रस वापरतात, त्याच प्रकारची ही वस्तू. इंग्रजीतील 'लॅकर' हा शब्दसुद्धा मुळात आपल्या लाखेवरूनच गेलेला आहे. १६८८ साली ऑक्सफर्डला स्टॉकर आणि पार्कर यांनी या नक्कलकामावर इंग्रजीत एक मोठे पुस्तकच छापले.

व्हेनिस शहरात चित्रकारांच्या संघटनेतील कारागीर अशा फर्निचरवर हाताने चित्रे काढत. मागणी वाढली, चांगला चित्रकार महाग पडू लागला, तेव्हा कारखान्यांनी दुसरी वाट काढली. छापील चित्रांचे ताव विकत घ्यायचे, ते हाताने रंगवायचे, कातरायचे, रंगवलेल्या लाकडावर चिकटवायचे आणि वर सँडरॅकच्या रोगणाचे अनेक थर चढवायचे. या प्रकाराला इटालियन भाषेत 'लाका पोवेरा' म्हणजे 'गरीब रोगण' असे नाव पडले. व्हेनिसपासून जवळच बासानो गावात रेमोंदिनी घराण्याचा मोठा छापखाना होता. त्याची चित्रे फेरीवाले पाठीवर घेऊन युरोपभर विकत. कातरण्यासाठी लहान-लहान आकृत्यांचे ताव हा छापखाना मुद्दाम काढी. म्हणजे छापणारा एक, रंगवणारा दुसरा, कातरणारा तिसरा आणि रोगण देणारा चौथा, अशी कामाची वाटणी तेथे झालेली होती. ज्याला 'गरीब' म्हटले गेले, त्या व्हेनिसच्या सामानाला आज जुन्या वस्तूंच्या लिलावात चांगली किंमत येते.

इंग्लंडमध्ये हेच काम वेगळ्या घरात शिरले. लंडनच्या रॉबर्ट सेयर या प्रकाशकाने १७६० च्या सुमारास 'द लेडीज अम्यूझमेंट' नावाचे पुस्तक काढले. त्यात रंगवून कातरण्यासाठी दीड हजारांहून अधिक आकृत्या होत्या. नावाप्रमाणे ती खानदानी स्त्रियांची करमणूक होती. त्यांनी कातरकामात किती दुपारी घालवल्या याचा हिशोब कोणी मागत नव्हता. व्हेनिसच्या कारखानदाराला मात्र तो ठेवावाच लागे. पुढे एकोणिसाव्या शतकात रंगीत छपाई स्वस्त झाली, आकारात आधीच कापलेली चित्रे बाजारात आली आणि कात्रीचे कसब मागे पडले.

कोणता नग घ्यावा

चांगल्या सागवानाचा, शिसवीचा, कोरीव कामाचा जुना नग हाती लागला तर त्यावर कागद मुळीच चिकटवू नये. साफ करून लाखेचे पॉलिश करावे, त्यातच त्याची किंमत आहे. कातरकामासाठी साधे पण मजबूत लाकूड बघावे: देवदाराचे खोके, जंगली लाकडाचे स्टूल, लहान टीपॉय, खणांची पेटी, ट्रे, आरशाची चौकट. सपाट पृष्ठभाग जितका जास्त तितके बरे. गोल पायांवर, कोरीव कडांवर कागद सुरकुततो.

कीड आहे का ते आधी पाहावे. नगाखाली काळा कागद पसरून आठवडाभर ठेवावा. त्यावर ताजी पिवळसर पूड पडली तर आत कीड जिवंत आहे, असा नग घेऊ नये. औषध मारून पुढे जाण्याचा मोह होतो. परंतु तेलकट औषध लाकडात मुरले की वरचा गोंद धरत नाही.

जुना रंग खरवडताना जपावे. आपल्या देशात घरगुती रंगातील शिशाच्या प्रमाणावर ९० पीपीएमची कायदेशीर मर्यादा १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाली. त्याआधी रंगवलेल्या सामानावर शिसे असणे अगदी शक्य आहे. असा रंग कोरडा घासू नये. वॉटर पेपर पाण्यात बुडवून घासावा, तोंडाला चांगला मास्क बांधावा, निघालेला चिखल कागदात गुंडाळून टाकावा आणि घरातील लहान मुले त्या जागी फिरकू देऊ नयेत. शिसे मुलांच्या मेंदूला इजा करते. राहत्या खोलीत हे काम करणाऱ्यांनी हा परिच्छेद दोनदा वाचावा.

खरवडून झाल्यावर खाचा लांबीने भराव्यात. १२० नंबरचा, मग १८० नंबरचा पॉलिशपेपर लाकडाच्या रेषेच्या दिशेने मारावा. पृष्ठभागावर पाण्याचा थेंब टाकून बघावा. थेंब मण्यासारखा उभा राहिला तर मेण किंवा तेल शिल्लक आहे असे समजून टर्पेंटाइनने पुसून घ्यावे. मग प्रायमर आणि त्यावर फिकट, बिनचमकीचा पाण्याचा रंग द्यावा. चकचकीत ऑइलपेंटवर गोंदाची पकड बसत नाही. गडद रंगावर नक्षी उठून दिसते हे खरे, पण तिथे कागदाची पांढरी कडही तितकीच उठून दिसते. गडद जमीन हवीच असेल तर कातरलेल्या प्रत्येक तुकड्याची कड त्याच रंगाच्या पेन्सिलीने मागच्या बाजूने रंगवून घ्यावी.

कागद

कागद पातळ हवा. साधा ७५ ग्रॅमचा कागद सुमारे १०० मायक्रॉन जाड असतो, म्हणजे मिलिमीटरचा दहावा भाग. लग्नपत्रिका किंवा शुभेच्छापत्राचा पुठ्ठा त्याच्या तिप्पट असतो. रोगणाचा कुंचल्याने दिलेला एक हात वाळल्यावर साधारण २५-३० मायक्रॉन उरतो आणि मध्ये घासताना त्यातलाही काही जातो. यावरून साध्या कागदाला दहा-बारा हात का लागतात आणि पत्रिकेच्या पुठ्ठ्याला तीसही का पुरत नाहीत, हे वाचकांच्या लक्षात येईल. पुठ्ठा वापरायचाच तर त्याच्या मागचे थर सोलून काढावेत. मासिकाचा कागद पातळ असतो, पण ओला झाला की मागची छपाई पुढे दिसते.

संगणकावरून चित्र छापून घ्यायचे असेल तर शाई कोणती ते विचारावे. इंकजेटची बहुतेक शाई पाण्याने पसरते. लेझर प्रिंटची पसरत नाही, पण थिनरचा लॅकर लावला की तीही उठते. प्रत्येक नव्या कागदाचा टाकाऊ तुकडा आधी गोंदात, मग रोगणात घालून पाहावा. पाच मिनिटांच्या या परीक्षेवर पुढची वीस तासांची मेहनत अवलंबून असते.

चित्र कोणाचे आहे हेही पाहावे. आपल्या कायद्यानुसार चित्रकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षांपर्यंत त्याचा हक्क राहतो. हयात चित्रकाराच्या चित्राच्या प्रती काढून त्या सामानावर विकणे म्हणजे दुसऱ्याचा माल उचलण्यासारखेच आहे. राजा रविवर्मा १९०६ साली वारले, त्यांची चित्रे सर्वांना खुली आहेत. मात्र त्यांच्या छापखान्याचा जुना अस्सल छाप हाती आला तर त्याला कात्री लावू नये. तो छाप टीपॉयपेक्षा मोलाचा निघेल. प्रत काढावी आणि प्रत कातरावी.

अल्लाहचे नाव, आयत, तसेच कोणत्याही धर्मात पूज्य मानलेले चित्र असलेला कागद स्टुलावर, पाटावर, चपलांच्या कपाटावर जाऊ नये. उर्दू वर्तमानपत्रांची रद्दी वापरणाऱ्यांनी हे विशेष तपासावे. फुले, पाने, भौमितिक नक्षी यांत निवड इतकी मोठी आहे की अडचण येण्याचे कारण नाही. शिवाय असा माल कोणत्याही घरात जातो.

कातरणे आणि चिकटवणे

कातरण्यापूर्वी चित्राच्या पुढच्या बाजूला पातळ लाखेचा एक हात द्यावा. एक लिटर पॉलिशच्या स्पिरिटला १२० ग्रॅम चपडा लाख हे प्रमाण पुरते. लाख फिकट आणि मेण काढलेली घ्यावी. साध्या लाखेत मेण असते आणि त्यावर पुढे पॉलियुरेथेन नीट धरत नाही. विरघळवलेली लाख सहा महिन्यांहून जुनी झाली की ती कडक वाळत नाही. म्हणून लागेल तेवढीच भिजवावी आणि बाटलीवर तारीख लिहावी. स्पिरिट ज्वालाग्राही व विषारी आहे, ते स्वयंपाकघरात ठेवू नये.

कात्री लहान, टोकदार, शक्यतो वाकड्या पात्याची असावी. आधी आतले रिकामे भाग ब्लेडने काढावेत आणि बाहेरची कड शेवटी कातरावी. कात्रीचा हात स्थिर ठेवून कागद फिरवायचा, ही यातली मुख्य खूण. शिंपीकाम करणाऱ्या हाताला ती लवकर साधते. बारीक देठ, वेलीचे तंतू यांच्यामध्ये कागदाच्या लहान पट्ट्या राखाव्यात म्हणजे तुकडा हाताळताना तुटत नाही. चिकटवण्याच्या वेळी त्या कापून टाकाव्यात.

सगळे तुकडे आधी कोरडेच मांडून पाहावेत. फेविकॉल तीन भाग, पाणी एक भाग असे मिश्रण लाकडावर पातळ लावून तुकडा ठेवावा आणि ओलसर फडक्याने मधून कडेकडे दाबत न्यावे. कागद ओला झाला की वाढतो आणि वाळताना आखडतो, त्यामुळे सुरुवातीला दिसणाऱ्या लहान सुरकुत्यांना घाबरू नये. हवेचा फुगा मात्र ठेवू नये. ब्लेडने बारीक चीर देऊन सुईने आत गोंद सोडावा आणि दाबावे. जुने पुस्तकबांधणीवाले कणकेची खळ करतात आणि कीड लागू नये म्हणून तिच्यात मोरचूद घालतात. खळ स्वस्त पडते व कागद सरकवायला सोपी जाते, पण मोरचूद विषारी आहे आणि दमट हवेत खळीला बुरशी येते. कोकणपट्टीत फेविकॉलच बरा. कडेने निघालेला गोंद लगेच पुसावा. तो राहिला तर रोगणाखाली डाग होऊन कायमचा दिसतो. मग २४ तास नगाला हात लावू नये.

रोगण

येथेच घाई होते आणि येथेच नग बिघडतो. लाखेचे पॉलिश सुंदर दिसते. परंतु गरम चहाचा कप ठेवला की त्यावर पांढरे कडे उमटते आणि पावसाळ्यात हात देतानाच ते पांढरट पडते. म्हणून वरच्या थरांसाठी पाण्यात मिसळणारे पॉलियुरेथेन घ्यावे. तेलाच्या वॉर्निशसारखे ते पिवळे पडत नाही. पहिले चार-पाच हात पातळ द्यावेत व घासू नयेत, कारण कागद अजून झाकलेला नसतो आणि पॉलिशपेपर सरळ चित्रावर जातो. त्यानंतर दर दोन हातांनी ४०० नंबरचा वॉटर पेपर हलका फिरवावा, भुकटी ओल्या फडक्याने पुसावी, वाळू द्यावे, पुढचा हात द्यावा. दोन हातांमधील वेळ डब्यावर लिहिलेला असतो, तो पाळावा. आतला थर ओला असताना वरचा चढवला की पुढे फुगा येतो. तोच तो महिन्याभराने परत येणारा नग.

कड लागते का ते डोळ्यांनी ठरवू नये. डोळे मिटून बोट फिरवावे. बाजारात स्वतः चिकटणारे छापील स्टिकर आज जागोजागी मिळतात आणि अर्ध्या तासात कपाट सजते. गिऱ्हाईक विचारणारच की मग तुमच्या कामाचे इतके पैसे का. त्याचा हात धरून स्टिकरवरून आणि आपल्या नगावरून फिरवावा, यापेक्षा चांगले उत्तर नाही.

हिशोब

पुढील आकडे केवळ पद्धत समजावी म्हणून धरले आहेत, आपापल्या गावचे भाव घालून ते बदलावेत. समजा, जुना टीपॉय ६०० रुपयांना घेतला. सुतार २५०, रंग-गोंद-रोगण-कागद मिळून ५५०, हातगाडी-टेम्पो २००. एकूण १,६०० रुपये. नग ३,००० रुपयांना विकला. घरात सगळे खूश की १,४०० रुपये सुटले.

आता तास मोजू. खरवडणे ४, लांबी व जमीन ३, कातरणे ६, चिकटवणे ३, रोगणाचे १२ हात प्रत्येकी २० मिनिटांप्रमाणे ४, मधले घासणे ३. एकूण २३ तास. १,४०० रुपयांना २३ ने भागले तर तासाला ६१ रुपये पडले. जागेचे भाडे, वीज, बिघडलेला नग, न विकलेला नग हे अजून बाजूलाच आहे. तासाला ८० रुपये मजुरी धरली तर २३ तासांचे १,८४० झाले आणि नग ३,४४० रुपयांना पडला. म्हणजे ३,००० ला विकून ४४० रुपये तोटा झाला. तो कोणाच्या लक्षात आला नाही, कारण कातरायला घरातील बाई व मुली बसल्या होत्या आणि त्यांच्या तासांची किंमत वहीत शून्य लिहिली होती. आपल्याकडील बहुतेक घरगुती उद्योग 'फायद्यात' दिसतात ते याच शून्यामुळे. वर सांगितलेल्या इंग्रज बायकांची करमणूक होती, आपल्या घरची बाई पोटासाठी बसलेली असते.

त्यामुळे वहीत कातरणाऱ्याच्या नावाने वेगळा रकाना असावा आणि नग विकला जावो न जावो, ती मजुरी आठवड्याला हातात द्यावी. बाहेर काम देणाऱ्यांनीही 'फुलामागे अमुक पैसे' असा दर ठरवण्याआधी स्वतः एक ताव कातरून घड्याळ पाहावे. गुलाबाचे एक फूल पाच मिनिटांत निघते, जाईच्या वेलीला तास जातो. दोन्हींना एकच दर देणे हा अन्याय आहे, आणि असा दर दिला की वेली घाईने, देठ तोडून कातरल्या जातात.

तास कमी करण्याचा खरा मार्ग वेगळा आहे. एका वेळी एक नग न करता पाच-सहा नग बरोबर चालवावेत. कुंचला धुणे, पसारा मांडणे-आवरणे, गोंद कालवणे एकदाच होते आणि पहिला नग वाळेपर्यंत पाचव्याला हात देऊन होतो. तरीही १२ हातांना दहा-बारा दिवस जातातच. तेवढे दिवस भांडवल अडकून राहते हे धरून चालावे. सुरुवात ट्रे, पेटी, आरशाची चौकट यांनी करावी. नग लहान, तास कमी, टेम्पो नको.

विक्री

गिऱ्हाईक पुष्कळदा विचारते, "हे हाताने रंगवलेले आहे का?" होकार दिला तर दोनशे रुपये जास्त मिळतील, पण तो माल खोटा सांगून विकणे झाले. उत्तर सरळ द्यावे : कागदाचे कातरकाम आहे, वर बारा हात रोगण आहे. बिलावरही तेच लिहावे, आणि खाली दोन ओळी असाव्यात की गरम भांडे थेट ठेवू नये, ओले फडके ठेवून देऊ नये, उन्हात ठेवू नये.

रोगण वरून कोरडे लागले तरी आतून पूर्ण घट्ट व्हायला तीन-चार आठवडे लागतात. तोपर्यंत माल परगावी पाठवू नये. पाठवताना फुग्यांचे प्लॅस्टिक थेट गुंडाळले तर त्याचे गोल ठसे रोगणावर उमटतात. आधी जुनी सुती चादर गुंडाळावी, मग पुठ्ठा, आणि त्यावर प्लॅस्टिक. जून ते सप्टेंबर या काळात नवे रोगणकाम कमी घेऊन खरेदी, खरवडणे आणि कातरणे उरकून ठेवावे. कातरलेले तुकडे वहीच्या पानांत, नगाचे नाव लिहून, कोरड्या पेटीत ठेवले म्हणजे दिवाळीच्या मागणीला ते तयार असतात.